अकरा टीव्हींचं एकच खातं

वर्षाली कोणाच्याही घरी आली की आधी टीव्हीच्या मागे जाते. बसा-उठा, चहापाणी सगळं नंतर. भिंत आणि टीव्ही यांच्यातल्या वीतभर फटीत ती डोकं घालते, दातांत बारकी बॅटरी धरते आणि वायरी चाचपते. लोक टीव्हीच्या मागे काय काय ठेवतात, हे अकोटात तिच्याइतकं कोणाला माहीत नसेल. कपाटाच्या किल्ल्या, न फोडलेली पाकिटं, घरच्यांपासून लपवलेल्या गोळ्या. पण तिच्या तोंडून त्यातलं अवाक्षरही कोणी ऐकलेलं नाही. वस्तू जिथे असते तिथेच ती परत ठेवते, धूळ पुसून.

हा दंडक तिला वडिलांनी घालून दिला. गजेंद्रभाऊंची पूर्वी गावात केबल होती. दुसऱ्याच्या घरात गेलं की टीव्ही पाहायचा, घर पाहायचं नाही, असं ते म्हणत. पुढे घरोघरी डिशच्या छत्र्या आल्या, मग इंटरनेट आलं आणि केबलचा धंदा बसला. वर्षालीने अकोल्याला आयटीआय केलं आणि वडिलांच्याच दुकानात दुरुस्तीचं काम मांडलं. आता ती चौतिशीची आहे. स्कूटीला शिडी आडवी बांधून गावभर फिरते. बोलणं रोखठोक. एका गिऱ्हाइकाने एकदा विचारलं, "बाई, तुले जमन का हे?" ती म्हणाली, "नाई जमलं तं तुमी करा, मी बसून पाहीन."

तिच्याबद्दल मी लिहावं अशी माझी काही योग्यता नाही. मी अकोटच्या बसस्थानकावर तीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारल्या. लिहिणं म्हणजे फळ्यावर गाड्यांच्या वेळा लिहिण्यापुरतं. पण मागच्या वर्षी भुलाबाईच्या दिवसांत जे झालं, त्यात जिथे बोलायला पाहिजे होतं तिथे मी बोललो नाही. ते निदान लिहून तरी ठेवावं, एवढंच.

त्या श्रावणात माझी बायको मनकर्णा चक्कीवर दळण ठेवून आली आणि तासाभराने रिकामा डबा घेऊन पुन्हा चक्कीवर गेली. चक्कीवाल्याने हसून सोडून दिलं. मग एका सकाळी ती गॅसजवळ लायटर हातात धरून उभी असलेली मला दिसली. तो कशासाठी असतो, ते तिला आठवत नव्हतं. मी तिला अमरावतीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कागद देऊन घड्याळ काढायला सांगितलं. तिने सगळे आकडे एकाच बाजूला काढले, कागद लांब धरून पाहिला आणि स्वतःच म्हणाली, "हे काही बराबर दिसून नाई राहिलं." डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. विसरण्याचं दुखणं आहे, हळूहळू वाढतं, बरं होत नाही, पण सांभाळता येतं.

परतीच्या गाडीत अंजनगाव मागे पडेपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "अवं, भुलाबाई होईपर्यंत कोणाले सांगू नका. कोजागिरी झाली का मीच सांगीन. माहं मले सांगू द्या."

आमच्या गल्लीत भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. रोज एका घरी बाया आणि पोरी जमतात, भुलाबाईची गाणी म्हणतात. शेवटी घरच्या बाईने झाकणाच्या डब्यात खाऊ लपवलेला असतो, तो डबा वाजवून आवाजावरून ओळखायचा. गाणी सांगणारी बाई म्हणजे मनकर्णा. पन्नासेक तरी तिला पाठ असतील. ती सुरुवात करते, बाकीच्या मागून म्हणतात. शेवटची बैठक कोजागिरीला आमच्या घरी. एवढं एक वर्ष तिला ते करायचं होतं, कोणी कीव न करता. मी हो म्हणालो.

आता टीव्हीचं सांगतो. त्याच्या आदल्या दसऱ्याला गल्लीतल्या अकरा घरांनी मिळून एकदम स्मार्ट टीव्ही घेतले होते. समोरच्या कौशल्याबाईंनी दुकानदाराशी बोलून सगळं जुळवलं. बसवायला वर्षाली आली. प्रत्येक टीव्ही चालू होण्याआधी खातं मागत होता, आणि आमच्यातल्या निम्म्यांना ईमेल म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. मग वर्षालीने एक खातं स्वतःच उघडलं आणि अकराही टीव्हींना तेच लावून दिलं. पासवर्ड हरवू नये म्हणून प्रत्येक टीव्हीच्या पाठीवर मार्करने लिहूनही ठेवला. आम्हा सगळ्यांना ती मोठी सोय वाटली. तिलाही वाटली.

रिमोटवर माइकचं बटण होतं. मला टाइप करता येत नाही. दुपारी मनकर्णा झोपली की मी टीव्हीचा आवाज बारीक करायचो, रिमोट तोंडाजवळ धरायचो आणि विचारायचो. विसरण्याच्या आजारात काय खायला द्यावं. माणूस घरचा रस्ता विसरला तर काय करावं. आंघोळीला नको म्हणाला तर काय करावं. तोंडासमोर माइक आला की माझा आवाज आपोआप स्थानकावरचा होतो, एकेक शब्द सुटा, शेवट लांबवलेला. टीव्ही मला डॉक्टरांचे व्हिडिओ काढून द्यायचा. महिनाभर हे चाललं. दुसऱ्या कोणाजवळ मी हे बोललो नव्हतो.

कोजागिरी आठवड्यावर आली होती. सकाळी नळ आला होता. कौशल्याबाई पाण्याचा गुंड भरता भरता म्हणाल्या, "काहो, तुमच्या टीव्हीवर काय येऊन राहिलं सध्या? आमचा तं उघडला का म्हाताऱ्या माणसाले आंघोळ कशी घालावी तेच दाखवते. सिरीयल राहिली बाजूले."

"आमच्याकडेबी तेच," शेजारची सीमा म्हणाली. "विसरण्याचा आजार, बदाम भिजवून खा. मले वाटलं आमच्या यायनं लावलं."

"तुह्या नवऱ्याले बदाम कशाले पाहिजे? त्याले विसरण्यासारखं हायच काय?"

बाया हसल्या. मग तिसरीने सांगितलं, चौथीने सांगितलं. कौशल्याबाईंचं हसणं थांबलं. त्या हुशार आहेत. "अकराही घरी येऊन राहिलं म्हणजे आपल्यातलंच कोणीतरी पाहून राहिलं. कोणाच्या तरी घरी हे दुखणं हाय, अन् लपवून ठेवलं."

माझी बादली भरून वाहत होती. ती सरकवायचं मला सुचलं नाही.

त्या दिवसापासून डबा वाजवून खाऊ ओळखावा तशी घरं ओळखणं सुरू झालं. दोन दिवसांत सगळ्यांचं बोट पार्बताबाईंवर गेलं. पार्बताबाई ऐंशीच्या. मुलगा शेखर पुण्याला, त्या शेवटच्या घरात एकट्या राहतात. मागे एकदा देवळातून दुसऱ्या कोणाची चप्पल घालून आल्या होत्या. तेवढं पुरलं. गल्लीतली चार लहान लेकरं, आया कामावर गेल्या की दुपारी त्यांच्याकडे असत. एकेक करून ती यायची बंद झाली.

पार्बताबाई मला त्यांच्या ओट्यावर दिसल्या. बाजूला लेकरांसाठी फोडलेल्या शेंगांचे दाणे वाटीत तसेच होते.

"नत्थुजी, लेकरं काहून येऊन नाई राहिले माह्याकडे? माहं काई चुकलं का?"

"परीक्षा असन," मी म्हणालो.

बालवाडीच्या लेकरांना कसली परीक्षा. त्या वाटी उचलून आत गेल्या.

गुरुवारी कौशल्याबाईंनी नळावर जाहीर केलं. "माह्या स्वप्निलले फोन केला होता." स्वप्निल त्यांचा मुलगा, अमरावतीला कॉम्प्युटरच्या कामात आहे. "तो म्हणते, रिमोटमंधी बोललेलं सगळं त्या खात्यात जमा राहते. आवाजासकट. पासवर्ड तं टीव्हीच्या पाठीवरच लिवलेला हाय. रविवारी येऊन राहिला तो. सगळ्यायच्या समोर वाजवून दाखवतो म्हणे, मंग समजन कोण हाय ते."

मी बादली घेऊन घरी आलो. अकोटात माझं तोंड न पाहिलेले लोक असतील, पण माझा आवाज न ओळखणारा सापडायचा नाही. अजूनही चक्कीवाला मला 'या, अंजनगावमार्गे' म्हणतो. वाक्य पुरं व्हायचीसुद्धा गरज नव्हती, पहिला शब्द पुरे होता. रविवार, आणि मंगळवारी कोजागिरी. आतल्या खोलीत मनकर्णा एकटीच हळू आवाजात गाणी घोकत होती. एका ओळीवर थांबायची, मागे जायची, पुन्हा यायची.

शुक्रवारी सकाळी रिमोट खिशात टाकून मी वर्षालीच्या दुकानात गेलो. गजेंद्रभाऊ दाराशी पेपर वाचत बसले होते. वर्षाली एका टीव्हीची पाठ उघडून बसली होती. मी रिमोट पुढे केला.

"बटण अडकून राहिलं."

तिने दाबून पाहिलं. सेल काढले, घासले, परत घातले, पुन्हा दाबलं. "बटण तं चांगलं हाय, काकाजी."

मी उभाच राहिलो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे वळली. "बाबा, चहा सांगून या ना. अन् घाई करू नका." ते पेपर काखेत मारून उठले, एक शब्द न विचारता. मग ती म्हणाली, "आता सांगा."

तीस वर्षं माइकवर बोललेल्या माणसाला ती तीन-चार वाक्यं सांगायला किती वेळ लागला असेल, ते तिनेच मोजावं. शेवटी मी विचारलं, "स्वप्निल म्हणते ते खरं हाय का?"

तिने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "खरं हाय."

तिने लॅपटॉप उघडला. पडद्यावर एकाखाली एक ओळी आल्या. ती खाली सरकवत गेली, त्या संपेनात. प्रत्येक ओळीपुढे तारीख, वेळ आणि वाजवायचं छोटं चिन्ह होतं. तिचं बोट त्या चिन्हापासून दूरच होतं. चेहरा मात्र उतरत चालला होता.

"चार हजाराच्या वर हाय," ती म्हणाली. "माहंच चुकलं, काकाजी. मले वाटलं, मी लोकायचा तरास वाचवून राहिली. अकरा घरचे कागद एका पेटीत टाकले अन् चावी सगळ्यायले वाटली."

"माहं काढता येते का?"

"येते. पण शोधाले वाचा लागन. तेवढी माफी द्या." दुपारी दोन ते तीनच्या वेळा पाहून ती वाचत गेली. माझं वाक्य दिसलं की खूण करायची. सदतीस निघाली. तिने ती पुसली आणि यादी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली.

"मंग बाकीचंही पुसून टाक ना," मी म्हणालो. "रविवारी स्वप्निलले काही सापडणारच नाई."

"मलेबी तेच सोपं वाटते. पण अकरा घरचं हाय. त्यायले न विचारता जमा झालं, आता न विचारता पुसलं तं माही चूक कोणाले समजणारच नाई. रविवारी मीच सांगीन, अन् त्यायच्यासमोर पुसीन."

मला तिचं म्हणणं पटलं, पण बरं वाटलं नाही. माझं निघालं होतं. तरी रविवार टळला नव्हता.

त्याच संध्याकाळी ती आमच्या घरी आली. टीव्हीच्या मागे शिरली आणि पहिल्यांदा पाठीवरचा पासवर्ड स्पिरिटने पुसून काढला. मग टीव्हीचं इंटरनेट बंद केलं, खातं काढलं, टीव्ही दुकानातून आणला तसा कोरा केला. पिशवीतून साबणाच्या वडीएवढी एक काळी पेटी काढून तिने टीव्हीला जोडली. तो छोटा कॉम्प्युटर होता. त्यातला प्रोग्राम देशोदेशीच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला असतो, ती म्हणाली, फुकट असतो, खातं मागत नाही आणि आपण काय पाहिलं ते कोणाला कळवत नाही. सोबतच्या डिस्कमध्ये आपल्याजवळचे पिक्चर, गाणी, फोटो भरायचे आणि तेच पाहायचे. "आता हा टीव्ही नुसती काच हाय," तिने वायर खोचता खोचता सांगितलं. "तुमी देसान ते दाखवन. आपल्या मनानं काही दाखवणार नाई, अन् बाहेर काही सांगणार नाई."

मनकर्णा पदराला हात पुसत येऊन बसली. "याच्यात काय भरलं वं?"

"तुमचेच गाणे, काकू."

केबलच्या काळात गजेंद्रभाऊ गावातले कार्यक्रम कॅमेऱ्याने घेत आणि केबलवर दाखवत. आमच्या अंगणातली भुलाबाईही त्यांनी घेतली होती, पंचवीस वर्षांपूर्वी. ती टेप त्यांनी जपून ठेवली होती आणि वर्षालीने ती डिस्कवर उतरवली होती. पडद्यावर मनकर्णा आली, काळ्याभोर केसांची, हात नाचवत गाणं सांगणारी. माझी मनकर्णा पुढे सरकून बसली आणि तिच्यासोबत म्हणू लागली. एकाही ओळीवर अडली नाही. वर्षाली एवढा वेळ भिंतीवरचं बटणांचं बोर्ड पाहत होती.

गाणं संपल्यावर मनकर्णाने विचारलं, "हे दुसऱ्याच्या घरी दिसन का?"

"नाई काकू. या घरातलं या घरात."

मनकर्णाने माझ्याकडे पाहिलं. मी रिमोटकडे पाहत राहिलो.

रविवारी दुपारी चार वाजता कौशल्याबाईंच्या बैठकीत वीस-पंचवीस माणसं जमली. पार्बताबाई आल्या होत्या, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मनकर्णाला मी घरीच ठेवलं. स्वप्निलने फोन टीव्हीला जोडला. वर्षाली दारात उभी राहून म्हणाली, "स्वप्निलभाऊ, आधी मले दोन शब्द बोलू द्या."

"तुहं मंग," कौशल्याबाई म्हणाल्या. "आधी ऐकू तं दे."

स्वप्निलने एक ओळ दाबली. लहान लेकराचा आवाज आला, कार्टून मागणारा. सगळे हसले. दुसरी दाबली. सीमाच्या नवऱ्याचा आवाज, कुजबुजत, केस परत उगवण्याचा उपाय विचारणारा. हशा झाला, तो उठून बाहेर गेला. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझी सदतीस निघाली हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी प्रत्येक ओळीला वाटायचं, एखादी राहून गेली असेल तर.

तिसरी ओळ. कौशल्याबाईंचाच आवाज. पण नळावरचा नाही. फार बारीक, रडवेला. "सून माहेरी जाऊन बसली तर परत येण्यासाठी काय करावं."

कोणी हसलं नाही. त्यांची सून, स्वप्निलची बायको हर्षा, अकोल्याला कोर्स करायला गेली आहे, असं त्यांनी राखीपासून गल्लीत सांगितलं होतं. स्वप्निल फोन हातात धरून तसाच बसला. आईकडे त्याने पाहिलं नाही. कौशल्याबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"बंद कर," त्या म्हणाल्या.

वर्षाली आत आली. तिने त्या दोघांकडे न पाहता सगळ्यांना सांगितलं. खातं एकच लावलं ती माही चूक. पासवर्ड पाठीवर लिवला ती दुसरी. तुमच्या घरातलं बोलणं एकमेकायच्या घरी गेलं. मी आता हे सगळं तुमच्यासमोर पुसते, अन् उद्यापासून एकेका घरी येऊन टीव्ही नीट करून देते. कोणाले पुसायचं नसन तं आता बोला.

मग मागून पार्बताबाई उठल्या.

"थांब वं पोरी. ते विसरण्याचं कोणं विचारलं, तेवढं निघू दे. मंग पूस. माह्या नावानं बोलून राहिले हे. माह्याकडचे लेकरं बंद केले. मले काई विसर पडला नाई. शेखरच्या जन्माचा वार इचारा, आत्ता सांगते."

स्वप्निलने मान खाली घालून फोनवर शोधलं. "ते याच्यात नाई," तो म्हणाला. "कोणीतरी पुसलं."

पासवर्ड सगळ्यांकडे होता, पण स्वप्निल सोडला तर खातं उघडून पुसता येणारं तिथे एकच माणूस होतं. सगळे वर्षालीकडे पाहू लागले.

तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. मनकर्णाला शब्द दिला होता हे खरं. पण मी घाबरलो होतो हेही खरं, आणि त्यातलं मला कोणतं आड आलं, ते आजही मला नीट सांगता येत नाही.

वर्षाली म्हणाली, "मी पुसलं. माहंच होतं. बाबासाठी विचारत होती."

"गजेंद्रभाऊले?" कोणीतरी म्हणालं.

"हो."

तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. स्वप्निलच्या हातातला फोन घेतला, सगळ्यांना दिसेल असा धरला आणि यादी पुसली. पार्बताबाईंनी पिशवी उचलली आणि गेल्या. सोमवारी दुपारी लेकरं त्यांच्या ओट्यावर होती. कौशल्याबाईंनी त्याच संध्याकाळी वर्षालीला निरोप धाडला, सगळ्यात आधी आमचा टीव्ही कर म्हणून.

आणि गजेंद्रभाऊंचं सुरू झालं. सोमवारपासूनच दुकानासमोरून जाणारा माणूस थांबून मोठ्याने विचारायचा, "भाऊ, ओळखलं का मले?" ते म्हणायचे, "तुले ओळखून मले काय भेटन?" एकाने त्यांना घरापर्यंत पोचवून दिलं. ते जात होते मित्राकडे, पण त्यांनी वाद घातला नाही, घरी गेले, चहा प्यायले आणि परत निघाले. मी दुकानापर्यंत दोनदा गेलो आणि दोनदा तसाच परत आलो. वर्षालीने त्यांना एवढंच सांगितलं होतं म्हणे, बाबा, तुमचं नाव वापरलं, कोणासाठी ते विचारू नका. त्यांनी विचारलं नाही.

मंगळवारी दिवेलागणीला आमच्याकडे भुलाबाई जमली. पुरुष बाहेर ओट्यावर. गजेंद्रभाऊ मुलीला सोडायला आले आणि माझ्या शेजारी बसले. खिडकी उघडी होती. आत मनकर्णा गाणी सांगत होती. पहिली सहा-सात व्यवस्थित झाली. मी बोटांवर मोजत होतो. आठव्या गाण्याच्या मध्यावर ती थांबली.

बाया थांबल्या. मनकर्णाने ओळ पुन्हा सुरू केली आणि पुन्हा तिथेच थांबली. पार्बताबाईंनी हळूच एक शब्द सुचवला. तो लागला नाही. खिडकीतून मला वर्षाली दिसत होती, टीव्हीजवळ. रिमोट तिच्या हातात होता. तिने तो दाबला नाही. ती मनकर्णाकडे पाहत उभी राहिली.

"राहू द्या वं बायांनो," मनकर्णा म्हणाली. "नाई आठवत. गजेंद्रभाऊले काई झालं नाई. ते मले झालं. अमरावतीच्या डॉक्टरनं सांगितलं. माह्या माणसानं कोणाले नाई विचारलं, टीव्हीले विचारलं. मी रोज दुपारी झोपल्याचं सोंग घेऊन ऐकत होती. एवढ्या जोरानं विचारत होते, मले वाटलं आता अंजनगावची गाडी सुटते. मीच कोणाले सांगू दिलं नाई. वर्षालीनं झाकलं, तिचे उपकार हायत." मग जराशी थांबून, "लाव वं पोरी ते माहं जुनं."

वर्षालीने बटण दाबलं. काळ्याभोर केसांच्या मनकर्णाने गाणं उचललं, आणि पहिल्यांदा तिच्यामागून म्हणणारा आवाज कौशल्याबाईंचा होता. मग सगळ्या म्हणू लागल्या.

ओट्यावर गजेंद्रभाऊंनी पेपरची घडी घातली. "म्हणजे आता मले लोकायले ओळखा लागन," ते म्हणाले.

"गजेंद्रभाऊ, त्या दिवशी मी..."

"राहू द्या, नत्थुजी. मी तुमाले काई विचारलं का?"

आत गाणी संपली. मनकर्णाने झाकणाचा डबा आणला आणि वाजवला. एकीने फुटाणे म्हटलं, एकीने साखरफुटाणे. तिने पुन्हा वाजवला आणि या वेळी स्वतःचाही कान डब्याला लावला. "खरं सांगू? मलेबी नाई आठवत काय टाकलं ते," ती म्हणाली. आधी कोणी हसलं नाही. मग ती स्वतः हसली, तेव्हा बाकीच्या हसल्या, आणि तीही त्यांच्यात बसून ओळखू लागली.

डब्यात मुरमुऱ्याचे लाडू होते. सकाळी आम्ही दोघांनी मिळून भरले होते. मी खिडकीबाहेर बसून होतो, बोललो नाही. त्यांना ओळखू दिलं.